प्लायवूडच्या पलीकडे

पलीकडून पुन्हा हसण्याचा आवाज आला, तशी शिवणाच्या बाईंची कात्री कापडावर थांबली.

"आज ही चौथी," त्या शिपाईमामांना म्हणाल्या. "तास बुडवायचं बरं निमित्त मिळालंय पोरींना!"

"रडत आत गेलेली हसत बाहेर येते, बाई. वाईट काय त्यात?"

बाईंनी तोंड फिरवलं. एकोणीस वर्षं सुईत दोरा ओवता ओवता मुलींनी मन मोकळं केलं होतं ते त्यांच्यापाशी. यंदा शाळेने समुपदेशक नेमली, जेमतेम तिशीची. तिच्यासाठी शिवणवर्गात प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि बाईंची सहा मशिनं एका कोपऱ्यात खेटून बसली. आता मुली बाईंकडे यायच्या त्या फक्त टीप घालायला.

मधल्या सुट्टीत नववीतली एक अबोल मुलगी वाकडी शिवण घेऊन आली. बाई उसवायला बसल्या.

"बाई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "झोपेतच मरून गेले तर बरं, असं रोज वाटतं."

बाईंनी चरकून शिवण खाली ठेवली. पण त्याच्याच पाठोपाठ मनात उकळी फुटली : ही माझ्याकडे आली, तिच्याकडे नाही!

"त्या मॅडमना नका ना सांगू. तुम्हीच ऐका."

किती महिने हे वाक्य ऐकायला त्यांचे कान आसुसले होते! त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आपल्याला आनंद झाला याची त्यांना लाज वाटली.

"ऐकायला मला येतं गं, राणी," त्या उठल्या. "पण पुढे काय करायचं, ते मॅडमनाच येतं. चल, मी आहे बरोबर."

मॅडमनी दोघींना आत घेतलं. थोड्या वेळाने मुलीने बाईंचा हात सोडला. बाई बाहेर आल्या.

तासाभरात मुलीची आई धावत आली. बोलणं झालं, डॉक्टरांची आजचीच वेळ ठरली. दारात आईने मॅडमचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून हो!" म्हणत ती रडू लागली.

मॅडम बाईंकडे बोट दाखवून काही सांगू पाहत होत्या. आईला कुठलं ऐकू येतंय!

 बाईंनी मशिनपुढचं स्टूल उचललं, पदराने पुसलं आणि आईच्या मागे नेऊन ठेवलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मागे वळून न बघताच आई बसली.