शेंदराचा टेकू

पिहूचं जावळ सकाळीच शंकर नगरच्या घरी काढलं होतं. नवस फेडायला मात्र सासूबाईंना हेच देऊळ हवं होतं. ती माझ्या पोटात असताना डॉक्टरांनी भीती घातली, तेव्हा त्या इथे बोलून गेल्या होत्या.

रायपूरपासून तासाभरावर, शेतांच्या मधे, विटांचं, कधीचं ओस पडलेलं देऊळ. शिखरात पिंपळ शिरलेला, मुळांनी विटा फाकवलेल्या. माथ्यावरचा कंगोरेदार गोल दगड खाली गवतात येऊन पडलेला. चौकटीवर गंगा-यमुना, नाकं झिजलेल्या. आत मूर्ती नाही, नुसता ओटा.

मी दारावरचा आडवा दगड बघत होते. मधोमध चिरला होता. कुणीतरी त्याला साल झाडाच्या ओंडक्याचा टेकू दिला होता, ओंडक्याखाली एक सपाट दगड. त्या दगडाला लोकांनी शेंदूर फासला होता. टेकूचा देव झाला होता.

सासूबाई पिहूला घेऊन ओंडक्याच्या बाजूने अंग चोरून आत गेल्या आणि दाराला लागूनच ओट्यापाशी बसल्या. श्रीपादने, माझ्या नवऱ्याने, नारळ सोलला. शेंदूर दिसेल तिथे फोडायचा, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्याने तो टेकूखालच्या दगडावर आपटला.

नारळ फुटला नाही. ओंडका मात्र सरकला, आणि वरून लाल भुगा गळला, पिहूच्या तुळतुळीत डोक्यावर.

"देवानं गुलाल टाकला," सासूबाई आतून म्हणाल्या.

श्रीपादने हात पुन्हा उचलला. न फुटलेला नारळ अपशकुन, आता तो जीव खाऊन हाणणार. मी खाली बसून त्या दगडावर तळहात ठेवला.

"हात काढ. काय करून राहिली तू?"

"आधी पोट्टी बाहेर."

मी वर बोट दाखवलं. त्याने पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप खाली आला. त्याने आईला हळू आवाजात सांगितलं, वरचा दगड हलला आहे, बाहेर ये.

"इतक्या वर्षांत नाही पडला, तो आजच पडन काय? नारळ फुटल्याबिगर मी उठत नाही."

तो आत जायला निघाला. मी त्याला धरलं. त्या फटीत दोघं आले असते तर ओंडक्याला धक्का लागला असता. मी त्याच्या हातून नारळ घेतला. आमच्याकडे बाई नारळ फोडत नाही. गवतातल्या त्या गोल दगडावर मी तो आपटला. एका घावात फुटला.

आवाज ऐकून सासूबाई उठल्या. दारात त्यांचा पदर ओंडक्याच्या सालीत अडकला. त्या ओढणार तोच मी म्हटलं, "थांबा." दोन बोटांनी सोडवला. त्यांनी पाऊल बाहेर टाकलं आणि मी पिहूला घेतलं.

माझ्या ओल्या हातांकडे त्यांनी पाहिलं.

"तू फोडला?"

"हव."

त्या गाडीत बसल्या. मग पिहूचं डोकं पदराने पुसलं, पदर बोटांत चोळून पाहिला. विटेची कचकच.

"पाऱ्यात शेजारपाजारच्या कोणी विचारलं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तर श्रीपादनं फोडला म्हणजो."