सरासरीने कोणी अंघोळ करतं का?

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि आज मला बोलू द्या. इतकी वर्षं गप्प बसून माझं डोकं तापलं आहे.

माझं काम जमिनीखालच्या गॅसच्या पाइपांचं. ते कोणत्या रस्त्याने न्यायचे, कुठे जाड घ्यायचे, कुठे बारीक, याच्या लाखो जुळण्या होतात. त्यातून खर्च सर्वांत कमी, तरीही शेवटच्या घरापर्यंत पुरेसा दाब, अशी एक जुळणी मी शोधून देतो. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! आखणी करणाऱ्या ताई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या.

मग नव्या वस्तीची लाइन आली. तिच्या अगदी टोकाला बाळंतपणाचा दवाखाना होता. ताईंची धाकटी बहीण तिथेच परिचारिका. ताईंनी कडाक्याच्या थंडीतले सकाळचे आकडे आणले, कारण गॅस सर्वांत जास्त तेव्हाच लागतो.

मोठे साहेब म्हणाले, "एवढे कशाला? वर्षाची सरासरी टाका. पाइप बारीक बसतील, खर्च वाचेल."

"साहेब, सरासरीने कोणी अंघोळ करतं का?"

"टाका हो तुम्ही!"

टाकली. मी तरी काय करणार? जे सांगाल त्याचंच उत्तर मी देतो. पाइप बारीक निघाले, आणि साहेब आठवडाभर मिशीवर ताव देत फिरले.

पहिल्याच थंडीत गॅसचा दाब कमी पडला. सकाळी सातला दवाखान्याचं पाणी तापेना. बहिणीचा फोन आला, "ताई, बाळं गारठलीत गं. किटलीत किती पाणी तापवू? काहीतरी कर!"

आणि साहेब? "कॉम्प्युटर चुकला," म्हणून मोकळे झाले! अरे वा रे वा! मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

ताईंनी ते कप उचलले, काच पुसली आणि खरे आकडे भरले. मी चार मिनिटांत सांगितलं की मागच्या गल्लीतून तीनशे मीटरचा दुसरा पाइप जोडा, म्हणजे दवाखान्याला दोन्हीकडून गॅस मिळेल. आठवड्यात पाणी कढत झालं. साहेब म्हणाले, "शेवटी माणसाचं डोकं ते माणसाचंच!" आता बोला.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण मला आकडे देताना खरे द्या. मला लाइनच्या टोकाला फक्त एक ठिपका दिसतो. तिथे बाळं आहेत, हे तुम्हालाच माहीत असतं.