चौथं बोट

लोक पोटगी चुकवायला कोर्टात जातात, आणि हा शहाणा बूटवाला पोटगी भरू द्या म्हणून कोर्टात गेला. अख्ख्या बाजारात हसं झालं त्याचं. शेजारचा घड्याळवाला तर रोज ऐकवायचा, "अरे, पोर तुझी नाही, बायको गेली, वर तीच म्हणतेय पैसे नकोत. सुंठीवाचून खोकला गेला म्हण की!" बूटवाला टाके घालत राहायचा.

बायको मोजणीदाराकडे राहायला गेली होती. मोजणीदार म्हणजे जमिनी मोजत हिंडणारा सरकारी माणूस, बूटवाल्याचं जुनं गिऱ्हाईक. मुलगी मोजणीदाराची आहे हे तिनं चाचणी करून कोर्टात दाखवलं होतं, आणि बाप म्हणून नवऱ्याचं नाव काढा असा अर्ज केला होता. नाव गेलं की पोटगी जाणार, आणि पोटगीसोबत मुलीची रविवारची भेटही. बूटवाल्याचा सगळा जीव त्या रविवारात होता हो!

मुलगी बारा वर्षांची. आईनं तिला खरं सांगितलं तेव्हा ती पळत दुकानात आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, आईनं आपल्याला दोघांनाही फसवलं." बूटवाल्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला. तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण माणूस भला, आणि भल्या माणसाला वेळेवर बोलायची अक्कल कुठून असायला?

त्याला तर आधीपासूनच माहीत होतं. दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला तो तिचा उघडा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढायचा आणि नवा जोडा शिवायचा. पायाची काही खोड असली तर मागच्या बाजूला टिपून ठेवायचा, प्रत्येक गिऱ्हाइकाची टिपायचा तशीच. मुलगी दोन वर्षांची असताना त्यानं लिहिलं होतं, "चौथं बोट तिसऱ्याखाली दडलेलं. मोजणीदारासारखंच. जोडा पुढून रुंद ठेवणे." हातानं आधी लिहिलं, डोक्यात मागाहून शिरलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण जोडा त्यानं पुढून रुंदच शिवला, आणि कागद जपून ठेवला. माप फाडायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम.

त्याच्या वकीलबाई तो कागद बघून खुर्चीतच उडाल्या. "अहो, हेच तर हवं होतं! लग्नात झालेलं मूल कायद्यानं नवऱ्याचं. त्यातून माहीत असूनही तुम्ही दहा वर्षं बाप म्हणून वाढवलंत. आता कुणाचा बाप आला तरी तुमचं नाव काढू शकत नाही."

"मुलीला दिसणार नाही ना हे?"

"न्यायाधीश बघतील फक्त."

त्यानं तो कागद वर ठेवून मापांचा सगळा गठ्ठा दिला. नसता दिला तर रविवार गेला होता, मग काय करणार बिचारा?

न्यायाधीशांनी आपल्या खोलीतच सगळ्यांना बोलावलं. कागद वाचून झाला. बायको पांढरी पडली. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू तिला घेऊन गेली असतीस," तो म्हणाला.

मग मुलीचंही म्हणणं ऐकू म्हणून न्यायाधीश साहेबांनी तिला आत घेतलं. टेबलावरचा गठ्ठा बघून ती हरखली. "अय्या, ही तर माझी मापं!" कुणी अडवायच्या आत तिनं वरचाच कागद उलटा केला. बूटवाल्याची पोर ती, कागदाच्या मागे लिहिलेलं असतं हे तिला ठाऊक होतं. एकदा वाचलं, तारीख पाहिली, पुन्हा वाचलं. काय सांगायचंय असं साहेबांनी विचारलं, तर कागद होता तसा गठ्ठ्यावर ठेवून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

निकाल बूटवाल्याच्या मनासारखा लागला. नाव राहणार, पोटगी राहणार, रविवार राहणार. वकीलबाईंनी त्याचा हात दाबला. तो बाहेरच्या बाकाकडे धावला.

"बाबा," ती म्हणाली, "दरवर्षी माझा पाय मांडीवर घेऊन तू हेच बघायचास?"

"नाही गं बाळा! एकदाच दिसलं ते. नंतर फक्त तुझा पाय बघितला, देवाशपथ."

"आईला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. मला वाटलं आपण दोघं एका बाजूला आहोत."

त्याला रडू फुटलं. तिनं त्याला रुमाल दिला, पण जवळ आली नाही.

पहिल्या रविवारी ती आली. कोर्टानंच सांगितलं होतं, येणं भाग होतं. तिचे बूट बोटांवर घट्ट होत होते, हे बूटवाल्याला दारातूनच कळलं. त्यानं लगबगीनं कोरा कागद अंथरला, पेन्सिलीला टोक केलं आणि स्टूल पुढं ओढलं.

"नको," ती म्हणाली. "मी घरून काढून आणलंय."

तिनं दप्तरातून घडी काढून त्याच्या हातात दिली. कड नीट काढलेली होती. पण बोटं कुठं दिसत नव्हती. पाय कागदावर ठेवताना तिनं मोजे काढले नव्हते.