गाळलेले दोन शब्द

निवडणुका जवळ आल्या की आपल्या गल्लीबोळांचं काय होतं, हे तुम्हाआम्हाला नव्याने सांगायला नको. तोंड धुवायच्या आत पहिली प्रचारगाडी दारात हजर! आपण कपाळाला आठ्या घालतो, खिडकी लावून घेतो आणि ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून सोडून देतो. गाडीवरचं गाणं नेमकं काय म्हणतंय, ते ऐकायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. ही गोष्ट अशाच एका गाण्याची आहे आणि ते ज्याने बनवलं त्या माणसाची.

त्याला सगळे रेकॉर्डिंगवाला म्हणत. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्याने स्टुडिओ थाटला होता. दुकानांच्या जाहिराती, बस-स्टँडवरच्या सूचना, हौशी गायकांची गाणी, जे येईल ते तो करी. हात मात्र पक्का होता. गायकाचा ठसका किंवा चुकलेला शब्द तो असा उडवायचा, की खुद्द गायकालाही पत्ता लागू नये. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते आणि इथे मात्र या पक्क्या हाताच्या माणसाचा हात लटपटायचा. थेंब डोळा सोडून गालावर पडायचे. म्हणून ते काम शेजारच्या सिस्टरने आपणहून अंगावर घेतलं होतं. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेली परिचारिका. एकटीच राहायची. तिचा धर्म वेगळा, देव वेगळा, पण दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. बावीस वर्षं त्या भिंतीतून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडचा खोकला इकडे ऐकू येत होता. आठ, बारा, चार आणि पुन्हा आठ. सिस्टर आली की घड्याळ लावून घ्यावं.

एका सकाळी उमेदवाराचा प्रचारप्रमुख स्टुडिओत येऊन बसला.

“काय कलाकार! यंदा साधंसुधं गाणं नको. भक्तीचं पाहिजे. ऐकल्याबरोबर आपल्या माणसांच्या अंगावर काटा आला पाहिजे.”

“आणि बाकीच्यांच्या?” रेकॉर्डिंगवाल्याने सहज विचारलं.

“त्यांच्याही आला पाहिजे की,” प्रमुख हसला. “जरा वेगळा काटा.”

रेकॉर्डिंगवालाही हसला. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही त्याची जुनी सवय. आणि तेवढ्यात त्याला आईची प्रार्थना आठवली. आई रोज पहाटे खिडकीशी बसून ती म्हणायची. तिच्या आईकडून तिला आलेली, कुठल्या पोथीत नसलेली. ऑपरेशनआधी, न जाणो काय होईल म्हणून, त्याने ती गुपचूप रेकॉर्ड करून ठेवली होती. त्याने ती प्रमुखाला ऐकवली.

उजेड ठेव, देवा, उजेड ठेव,
माझ्या आधी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेव.

“वा!” प्रमुख खुर्चीतून पुढे सरकला. “पण दुसरी ओळ फार लांबते बुवा. ठेक्यात बसायची नाही. आणि मध्येच हा शेजारी कशाला? दोन शब्द काढून टाक.”

“आईची प्रार्थना आहे हो.”

“मग? दोन शब्दांनी देव रागावतो होय?”

रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन चढवला. ‘आधी शेजाऱ्याच्या’ एवढंच कापलं आणि दोन्ही टोकं जुळवली. ‘माझ्या उंबऱ्याशी ठेव.’ सांधा कुठे जाणवेना. त्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. मग त्याने आईचाच आवाज चाळीस वेळा एकावर एक चढवला. काही आवाज खाली ओढून पुरुषी केले, काही थोडे मागेपुढे सरकवले. खाली ढोलांचा दणका भरला. एका म्हातारीच्या प्रार्थनेचा चाळीस जणांचा जमाव झाला! शेवटी प्रमुखाने आपली माणसं आणून मध्ये घोषणा भरून घेतली, “उजेड ज्यांना सोसत नाही, त्यांनी आपली वाट धरावी!”

घोषणा भरताना रेकॉर्डिंगवाल्याच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण त्याने मनाची समजूत काढली. काम ते काम. शिवाय आपल्याच देवाचं नाव गल्लोगल्ली जाणार, आईचाच आवाज जाणार, यात वाईट ते काय? आईला मात्र त्याने काही सांगितलं नाही. जी गोष्ट आपण आईला सांगत नाही ती बहुधा वाईटच असते, एवढं साधं गणित त्या वेळी त्याला सुचलं नाही.

गाणं तुफान गाजलं. फोनच्या घंटीत तेच, व्यायामशाळेत तेच, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या तोंडी तेच. रेकॉर्डिंगवाला रस्त्याने जाताना उगीचच सावकाश चालू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रचारगाडी त्यांच्या गल्लीत शिरली आणि बरोबर सिस्टरच्या दारासमोर थांबली. पन्नासेक माणसं होती. गाणं तीनदा वाजलं. प्रत्येक वेळी ती घोषणा आली की माणसं दाराकडे हात करून ओरडत होती. मग गाडी पुढे गेली.

चार वाजले. सिस्टर आली नाही. सव्वाचारला रेकॉर्डिंगवाला तिच्या दाराशी गेला. दिवसाउजेडी ते दार बंद असलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. दोनदा हाक मारल्यावर ते उघडलं. आत खाटेवर पत्र्याची पेटी उघडी पडली होती. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. भिंतीवरची देवाची तसबीर उतरवलेली होती आणि तिच्या जागी फिकट चौकोन दिसत होता.

“सिस्टर, हे काय?”

“बहिणीकडे जातेय. परवा.”

“कधी परत येणार?”

सिस्टरने एक बशी कागदात गुंडाळली आणि मग म्हणाली, “ठेका छान धरलाय हो तुम्ही. मीसुद्धा परवा भांडी घासताना गुणगुणत होते. मग शब्दांकडे लक्ष गेलं.”

“ती घोषणा माझी नाही, सिस्टर. ती त्या लोकांनी—”

“घोषणेचं सोडा. घोषणा कालही होत्या, उद्याही असतील. मी प्रार्थनेचं विचारतेय. बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी ती. रात्रपाळी करून आल्यावर तीच ऐकत झोपायचे. त्यात ‘माझ्या आधी शेजाऱ्याच्या’ असं होतं. ते कुठे गेलं?”

रेकॉर्डिंगवाल्याने भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनाकडे नजर वळवली.

“तो शेजारी म्हणजे मीच, असं मी आपलं समजत होते,” सिस्टर म्हणाली. “वेडीच मी! गाण्यातून मला काढलंत, आता गल्लीतून काढायला कितीसा वेळ लागणार?”

तो घरी आला तेव्हा आई काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती.

“सिस्टर का नाही आली रे?”

“बरं नाही तिला.”

“डोळे झाकलेत माझे, कान नाही झाकलेले,” आई म्हणाली. “त्या गाण्यात एवढी माणसं गातात ना, ती सगळी ‘देवा’ म्हणायच्या आधी एकाच जागी दम कशी काय घेतात रे? माझ्यासारखीच?”

तो तिच्या खाटेशी बसला. जगभरच्या गायकांचे श्वास उडवणाऱ्या त्याने आईचा तो अडखळता श्वास तेवढा ठेवला होता. तो त्याला लहानपणापासून आवडायचा.

“आई, चुकलं माझं. तुझाच आवाज चाळीस वेळा चढवला मी. पण तू समजतेस तसं वाईट नाही ते. देवाचंच तर नाव आहे त्यात. आपल्या धर्माचा मान वाढला, तर—”

“मान?” आई ताडकन म्हणाली. “बाईमाणसाच्या दारापुढे पन्नास बाप्ये उभे राहून ओरडतात, त्याने माझ्या देवाचा मान वाढतो? अरे, असला मान त्याने मागितला कधी?”

“त्यांचे लोकही करतातच की असं. ते करतात ते चालतं?”

“नाही चालत. तेही चूक. पण त्यांच्या चुकीचा जाब मी कशी विचारू? माझ्याच घरात चूक बनून बाहेर जातेय! आपला तो बाब्या म्हणून मी गप्प बसू होय?” ती थांबली. तिला दम लागला होता. “प्रार्थनेत माणूस स्वतःला लहान करतो, बाळा. तू माझे चाळीस केलेस. चाळीस झाल्यावर मला देवाची गरजच काय उरली?”

त्याने थेंबांची बाटली घेतली. हात नेहमीसारखाच थरथरला. थेंब गालावर पडला आणि आईने तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीशी आई बसली, पण घरात आवाज उमटला नाही. बऱ्याच वेळाने ती एवढंच म्हणाली, “तोंडातच येत नाही रे. सुरू केलं की ती गाडी ऐकू येते.”

तो तडक प्रचार कार्यालयात गेला. गाणं मागे घ्या म्हणाला. प्रमुखाने त्याला खुर्ची दिली आणि मान हलवली.

“कलाकार, गाणं आता तुझं राहिलं नाही. पाच हजार फोनांत गेलंय. आणि एवढं झालं काय? दोन शब्दच तर गेले!”

“त्या दोन शब्दांतच सगळं होतं, साहेब.”

“मग आता कशाला रडतोस? कापले कुणी?”

प्रमुख लबाड खरा, पण या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास कोपऱ्यावरून ढोल ऐकू आले. आई खाटेवरून उठली. “मला सिस्टरच्या दाराशी खुर्ची टाकून दे,” ती म्हणाली.

“आई, डोळ्यात धूळ जाईल. डॉक्टरांनी—”

“टाकतोस की मी चाचपडत जाऊ?”

त्याने खुर्ची टाकली. आई सिस्टरच्या पायरीला लागून बसली, काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून. गाडी आली. चाळीस गळे एकदम गरजले, ‘उजेड ठेव, देवा, उजेड ठेव’ आणि आईने तोंड उघडलं.

सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. कर्ण्यापुढे म्हातारीचा काय पाड लागणार? पण गाडी जवळ येऊन थांबली आणि गाणं संपून पुन्हा सुरू व्हायच्या मधल्या त्या जराशा शांततेत तिचा आवाज एकटाच उरला. ती अजून ओळीतच होती. तिची ओळ लांब होती ना!

‘...आधी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेव.’

पुढच्या रांगेतला एकजण थबकला. “अरे, हा तर गाण्यातलाच आवाज!”

“आजी, बाजूला व्हा,” प्रमुख पुढे आला. “ऊन लागेल.”

या माणसांशी वैर घेतलं तर गिऱ्हाईक तुटणार, स्टुडिओच्या दाराला कुलूप लागणार, हे रेकॉर्डिंगवाल्याला स्पष्ट दिसत होतं. पण पायरीमागचं ते बंद दारही दिसत होतं! तो आईच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला आणि बोलला. माईकशिवाय एवढ्या मोठ्याने तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

“आवाज हिचाच आहे! चाळीस माणसं नाहीत गाण्यात. ही एकटी आहे. हिला न विचारता मी तिचा आवाज घेतला. आणि ‘आधी शेजाऱ्याच्या’ हे दोन शब्द मी कापले. माझ्या या हाताने. खरी प्रार्थना ती आत्ता म्हणाली तीच!”

कोणी शिवी हासडली. कोणी “फितूर!” म्हणून ओरडलं. दोन-चार माणसं मात्र खाली बघू लागली. त्यातल्या एकाच्या आईला सिस्टरने हॉस्पिटलात महिनाभर सांभाळलं होतं. गाडी गेली. गाणं वाजतच गेलं. पण त्या दाराकडे हात करून कोणी ओरडलं नाही.

दुपारी त्याने आईचं मूळ रेकॉर्डिंग, एकच आवाज, दोन्ही शब्दांसह आणि आधी स्वतःची कबुली जोडून सगळ्यांना पाठवलं. काहींनी पुढे पाठवलं. बऱ्याच जणांनी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत त्याची तीन कामं रद्द झाली.

पण त्याआधी चार वाजले होते आणि दाराची कडी वाजली होती.

सिस्टर आत आली. हात धुतले. आईचा चष्मा काढला, पापणी ओढली आणि थेंब घातला. थेंब बरोबर डोळ्यात पडला.

“सिस्टर,” तो कसाबसा म्हणाला, “तुम्ही थांबताय ना?”

“पेटी अजून भरलेलीच आहे,” सिस्टर म्हणाली. “भीती एका दिवसात भरते, एका दिवसात रिकामी होत नाही. उद्याचं उद्या बघू. पण थेंब चुकवायचे नाहीत.” मग आईकडे वळून ती म्हणाली, “मावशी, उद्या पहाटे म्हणा बरं का. मला झोप लागत नाही हो त्याच्याशिवाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने प्रार्थना म्हटली. रेकॉर्डिंगवाल्याने माईक लावला नाही. तो भिंतीला टेकून नुसता ऐकत उभा राहिला. दुसऱ्या ओळीशी आईचा श्वास अडखळला आणि तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून, अगदी हळू, कोणीतरी ते दोन शब्द म्हटले. आईने ओळ पुरी केली.

मंडळी, आपापला देव प्रत्येकाने मनात ठेवावा, घरात ठेवावा, चांगल्या कामाला निघताना बरोबरही न्यावा. पण कोणी त्याला गाडीवर चढवून मतं मागायला निघालं, गाण्याच्या ठेक्यावर नाचवू लागलं, की तुम्हीआम्ही एक करायचं. खिडकी लावून घ्यायची नाही. कान देऊन ऐकायचं. आपल्या आईने शिकवलेल्या प्रार्थनेतले कुठले शब्द गाळलेत ते शोधायचं. शेजारी गळला असेल, तर ती प्रार्थना उरलेली नाही. आणि ज्याला ते कळलं, त्याने ते मोठ्याने सांगायचं, कात्री स्वतःच्याच हातात असली तरीही.