सांध्यावरचा शेंदूर

मी हेमकांत. राहणार रनाळे, काम क्रेनवाल्या कंपनीत सुपरवायझरचं. पवनचक्क्यांची पाती आणि ट्रान्सफॉर्मर उतरवण्यात केस पांढरे झाले. जड वस्तू पाहून डोळे विस्फारायचा माझा स्वभाव नाही. जड म्हणजे कटकट, एवढंच मला कळतं. पण त्या इंजिनानं माझी चांगली जिरवली.

चिंचपाड्याच्या अलीकडे एक बंद कारखाना आहे, त्याच्या आवारात रेल्वेची जुनी साइडिंग, म्हणजे मालासाठी टाकलेला रुळांचा फाटा, आहे. पावसाळ्याआधी तिथं तीन ट्रेलर येऊन उभे राहिले. तिन्हींवर मिळून एकच वाफेचं इंजिन होतं. पूर्वेकडच्या घाटांत मालगाड्या चढवण्यासाठी बनवलेलं, नंतर कित्येक वर्षं भंगारात पडलेलं, आणि आता गुजरातमधल्या एका हौशी माणसानं संग्रहालयासाठी घेतलेलं. पुढच्या पुलावरून एवढं वजन जाऊ देईनात, म्हणून मालकानं ठरवलं की इथंच जोडायचं आणि रुळांवरून ओढून न्यायचं.

जोडणीचा इंजिनियर भाग्येश नंदुरबारचाच. त्यानं मला समजावलं, "काका, लांबलचक इंजिन घाटातल्या वळणावर अडतं. म्हणून याला चाकांच्या दोन वेगळ्या गाड्या दिल्या. पुढचीवर पाणी, मागचीवर कोळसा, आणि मधे टांगलेला बॉयलर. बॉयलरचा सांगाडा दोन्हीकडे एकेका पोलादी गोळ्यावर टेकतो. सगळा भार त्या दोन गोळ्यांवर."

"मग?"

"मग काय, एक गोळा हरवलाय."

कोंडाईबारीच्या घाटात एका ट्रेलरवरून पेटी घसरली होती आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताच नव्हता. तसला गोळा आता कुणी बनवत नाही. महिनोन्‌महिने आम्ही शोध घेतला आणि वाटेतल्या प्रत्येक भंगारवाल्याशी भांडलो. शेवटी माघात विसरवाडीच्या स्टँडवर चहावाला सहज म्हणाला, "घाटना खाले पाडावर नवा देव उना शे. लोखंडना."

मी हायड्रा, म्हणजे भाड्याची छोटी क्रेन, घेऊन गेलो. पाड्याच्या शिवेवर, जुन्या दगडी देवांच्या रांगेत, आमचा गोळा बसला होता. लोकांनी ओंडक्यांवरून लोटत तिथवर आणलेला. वर शेंदराचा जाड थर, पुढे नारळ. शेजारी एक बाई झाडत होती. तिचं नाव रमिलाबाई. हे लोक घरात मावची बोलतात, पण माझ्याशी ती बाजारातली अहिराणी बोलली.

"माय, हाई इंजिननं सामान शे," मी म्हणालो. "लई जावानं शे."

"माहीत शे मले," ती शांतपणे म्हणाली. "रस्तावर पडेल व्हतं. पन आते त्याले मन्हा नवस शे."

दसऱ्यानंतर पाड्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. जाताना शिवेवरच्या देवाला हात लावून जायचं, ही इथली रीत. मागच्या साली तिचा नवरा भीमसिंग उसाच्या ट्रॉलीखाली सापडला, तो आलाच नाही. या साली तिचा एकुलता एक मुलगा इंद्रसिंग गेला. तो धडधाकट घरी यावा म्हणून तिनं या नव्या देवाला नवस केला होता. जुन्या देवांवर ती रागावली होती.

"जोलोंग नवस फिटस नही, तोलोंग देवले हालाडतस नही," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मालकाचे फोन, भाग्येशचे फोन, हायड्राचं भाडं चढतंय, आणि ही बाई हातात झाडू घेऊन वाट अडवून उभी. तोंडाशी कडक शब्द आले होते. पण भीमसिंगचं ऐकल्यावर ते बाहेर पडेनात.

"होळीपर्यंत थांबता येत नही, माय."

तिनं झाडू बाजूला ठेवला. "मंग मी बी त्याना संगे येस. देव एकटा जावाना नही."

अशी आमच्या साइटवर रमिलाबाई आली. देवापुढचा नारळ तिनं आवारातल्या लिंबाखाली ठेवला. रोज सकाळी जीपनं यायची, भाकरी बांधून आणायची आणि लिंबाखाली बसून गोळ्यावर नजर ठेवायची. भाग्येशला शेंदूर धुवायचा होता. ती नको म्हणाली. बरीच घासाघीस झाली आणि टेकायचा भाग तेवढा पुसायचा, कडेचा ठेवायचा असं ठरलं. पुसल्यावर खाली पोलाद लखलखीत निघालं. बाकीच्या सगळ्या इंजिनाला गंज चढला होता. तेलातल्या शेंदरानं याला पावसात सांभाळलं होतं.

बॉयलर उचलायचा दिवस आला. दोन मोठ्या क्रेन लावल्या. मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो, आणि ते काळं धूड जमिनीपासून सुटलं तेव्हा शिट्टी वाजवायची विसरलो. खाली माझी माणसं चिलटांएवढी दिसत होती. सांगाडा हळूहळू खाली आला, गोळ्यांवर टेकला, आणि जमीन बुटांखाली दबल्यासारखी वाटली. मला त्या क्षणी भीती वाटली हे सांगायला लाज वाटत नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. डिझेल इंजिन लावून साइडिंगच्या वळणावरून ते ओढून पाहायचं होतं. एवढं अवाढव्य लोखंड वाकणार कसं, याची मला खात्री नव्हती. पुढची गाडी वळणात शिरली आणि उजवीकडे निघाली. मागची अजून सरळच होती. आणि मधला बॉयलर दोघींच्या मधोमध, जराही न डगमगता, आपला मार्ग काढत होता. माझ्या अंगावर काटा आला. माणसांनी कागदावर रेघा मारून हे घडवलं, आणि डोंगराला न फोडता त्याच्या कलानं घेत चढायला शिकवलं, हे मला पहिल्यांदा कळलं.

रमिलाबाई उठून उभी राहिली होती.

"हाई तर झोळी शे," ती म्हणाली.

आजारी माणसाला पाड्यावरून खाली आणताना बांबूला झोळी बांधतात. एक पुढे, एक मागे. पायवाट वळली की पुढचा आधी वळतो, मागचा अजून वरच असतो, आणि मधल्या माणसाला धक्का लागू द्यायचा नसतो.

"झोळीनी गाठ सुटनी का माणूस गया," ती म्हणाली. "मन्हा देव गाठ शे." मग म्हणाली, "एवढं उचलनाराले मी एकच पोऱ्या मांगा. लाज वाटस मले."

दोन दिवसांत रेल्वेची परवानगी आली. इंजिन होळीआधीच निघणार होतं. नवस तर फिटला नव्हता. हे तिला सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. भाग्येशला नेमकं तेव्हा दुसरं काम निघालं. मी लिंबाखाली गेलो आणि खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं. ती रडेल, नाहीतर रुळांवर बसेल, असं मी धरून चाललो होतो.

तिनं विचारलं, "कोठे लई जातस?"

"सुरतकडे. नवापूर, मंग बारडोलीवरतीन."

"आमना लोक बारडोलीना जवळच ऊस तोडतस." ती लिंबाला टेकली, जराशी हसली. "मंग जाऊ दे, भाऊ. तो त्यासकडेच चालना शे."

निघायच्या सकाळी तिनं मागच्या सांध्याला, जिथं तिचा गोळा बसवला होता, हात लावला आणि नवस बदलला. आता एकट्या इंद्रसिंगचा नाही, पाड्यातल्या सगळ्यांचा. मग पदराच्या गाठीतला मोबाईल काढून मुलाला फोन लावला. त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली. मला एवढंच कळलं, की सगळ्यांना घेऊन रुळापाशी उभा राहा.

इंजिन निघालं, मुख्य मार्गाला लागताना शेवटचं वळलं, सांध्यावरचा शेंदूर उन्हात दिसला, आणि गेलं. माझे डोळे भरून आले. एका लोखंडाच्या मालासाठी. घरी सांगितलं असतं तर बायको हसली असती.

संध्याकाळी इंद्रसिंगनं पाठवलेला व्हिडिओ तिनं माझ्यापुढे धरला. तोडलेल्या उसाच्या कडेला रूळ, रुळाच्या कडेला माणसं, काळीठिक्कर, हातातले कोयते खाली टेकवलेले. इंजिन जवळ आलं तसे सगळ्यांनी डोक्यावरचे रुमाल काढले. ते धूड त्यांच्यासमोरून संथ गेलं, जातच राहिलं, आणि सगळे हात जोडून उभे.

"देखा का, कसं चालनं?" मी विचारलं.

त्यात तिनं इंजिन पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ मागे नेऊन ती पुन्हा पुन्हा माणसांवर बोट ठेवत होती आणि एकेकाचं नाव घेत होती. शेवटचं नाव झाल्यावर तिनं मोबाईल बंद केला. लिंबाखालचा नारळ तसाच होता. तो तिनं उचलून पिशवीत टाकला. होळीला सगळे घरी आले, की मग फोडणार होती.