पेढे आल्याशिवाय नाव काढायचं नाही

आमच्या वधू-वर मंडळाचा सर्व्हर म्हातारा झाला होता. भोईवाड्यातल्या खोलीत तो दिवसभर धापा टाकायचा. एक स्थळ उघडेपर्यंत मुलीचे वडील चारदा घड्याळ बघायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. अशाने मंडळाला टाळं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

माझा भाचा हेरंब कॉम्प्युटरच्याच कामातला. तो म्हणाला, "मावशी, सर्व्हर बदल, सॉफ्टवेअरपण बदल. पण नोकरीच्या रकान्यात हे 'संप चालू' काय लिहिलंय? नवं सॉफ्टवेअर असलं काही घेणार नाही, ना यांची वयं. ही माणसं गाळावी लागतील."

ते माझ्या वडिलांचं, तात्यांचं काम. ब्याऐंशीत गिरण्यांचा संप झाला, तेव्हा मुलांच्या नावापुढे 'बेकार' लिहायला त्यांचा हात धजेना. आज ना उद्या मिटेल, म्हणायचे. पुढे कॉम्प्युटर आला, तेच त्यात गेलं. गिरण्या गेल्या, तात्या गेले. मुलं आमच्याकडे अजून संपावरच. शिवाय तात्यांचा नियम, लग्न जमल्याचे पेढे आल्याशिवाय नाव काढायचं नाही. या मुलांचे पेढे कधी आलेच नाहीत.

बहुतेक जण गावी गेले. त्यांचं मला फार वाटलं नाही. माझं अडत होतं भिवापाशी. संपातच त्याच्या आईने, काशीबाईने, त्याचं नाव घातलं होतं. आता ती नाही. हा केस पांढरे करून दवाखान्यात लिफ्ट चालवतो आणि दर रविवारी येतो.

"काय आलंय काय, बाई?"

"नाही हो, भिवा."

मग पाणी पिऊन जातो. मला त्याचा राग यायचा. इतकी आशा माणसाने धरू नये. आणि तो गेला की माझाच राग यायचा.

शेवटी एका रविवारी मी सांगूनच टाकलं, "मशीन बदलायचंय. नव्यात तुमचं नाव जाणार नाही."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण पेढ्याबिगर नाव काढत नाय ना तुम्ही?"

"नाही काढत," मी चिडून म्हटलं. "राहू दे. नाही बदलत मशीन. मंडळ बसलं तर बसलं."

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, हातात पेढ्यांचा पुडा. माझा जीव सुपाएवढा झाला.

"कुठली हो मुलगी?"

"मुलगी नाय, बाई. पेढे आणलेत. आता काढा नाव. आमच्यापायी तुमचं दुकान बसायला नको."

जुन्या मशीनला नाव काढायचं एकच कारण ठाऊक होतं, 'विवाह ठरला'. मी ते दाबलं. नाव जायला नेहमीसारखाच वेळ लागला. भिवा तोवर उभा होता. मग त्याने एक पेढा तात्यांच्या फोटोपुढे ठेवला, एक माझ्या हातावर.

"तोंड गोड करा," म्हणाला.

तो समोर होता म्हणून मी पेढा तोंडात घातला.