विकायला निघालेली मिशी

ये, बस. त्या स्टुलावर नको, त्याचे पाय माझ्या गुडघ्यांसारखे आहेत, भरवशाचे नाहीत. त्या पेटीवर बस. मिशी बघतोयस ना माझी? बघ, बघ. इथे फुकट आहे. तिकडे मात्र लोक पैसे मोजून घेतात. खोटं वाटतं? मग ऐकच. ही मिशी बाजारात कशी गेली, आणि ती गेली म्हणून एका पोरीच्या बॅगेला कुलूप कसं लागलं नाही, ते सांगतो. मधे बोलायचं नाही. हसलास तर चालेल.

धंदा माझा तुला दिसतोच आहे. बॅगा शिवायच्या, चेनी बदलायच्या, चाकं बसवायची. शाळा मला लवकर कंटाळली. पण व्हिडिओ गेमचं मशीन असतं ना, त्याचा सगळा इतिहास माझ्या कात्रीला तोंडपाठ आहे. कारण त्याची कव्हरं मी शिवतो. आधी पोरं जे मशीन आणायची ते विटेएवढं. वर खाच, खाचेत कॅसेट. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. पोरं फुंकून फुंकून लालेलाल व्हायची. मग चकती आली, मशीन आडवं झालं. मग ते असं फुगलं, असं फुगलं, की बॅग शिवताना मला वाटायचं, आत मशीन जाणार आहे की कुणाची सासू. आणि आता परत बारीक. मधे काच, दोन बाजूंना दोन मुठी, हातात धरून कुठेही न्या. पण खाच गायब! मी उलटंपालटं करून बघितलं. म्हटलं, "अरे, गेम घालायचा कुठून?" तर गिऱ्हाईक म्हणतं, "काका, गेम हवेतून येतो." येऊ दे बाबा. माझं एवढंच म्हणणं, सारखं माप बदलू नका. जुन्या मापाची कव्हरं बघ, त्या खिळ्याला लटकलीत. त्यात आता मी कांदे ठेवतो.

तर माझी भाची. सख्ख्या बहिणीची पोरगी. तिला सगळे टिचकी म्हणतात, कारण लहानपणी बटण दिसलं की टिचकी मारल्याशिवाय पुढे जायची नाही. लिफ्टचं बटण, बेलचं बटण, माझ्या सदऱ्याचं बटण. मोठी झाली आणि गेम बनवायला लागली. बहीण म्हणाली, "मला वाटलं होतं मोठेपणी तरी बटणं सुटतील हिची!"

इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे हिचं काम. जोडीला एक पोरगा, त्याला आम्ही लांब्या म्हणतो. उंची एवढी की दारातून येताना नमस्कार केल्यासारखा वाकतो, आणि बोलतो इतकं कमी की शब्दांवर कर लागतो की काय असं वाटावं. ही चित्रं काढायची, तो ती चालवायचा. चित्रं म्हणजे कागदावर, ब्रशने, हाताने. एकेक पूल, एकेक खिडकी, खिडकीतला वाळत घातलेला मोजासुद्धा. खालून इस्त्रीची वाफ यायची, कागद ओले व्हायचे, ही खाली वाकून ओरडायची, "काका, जरा दमानं! माझं आभाळ वितळतंय!" वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

गेम काय, तर एक पोरगी आहे. तिच्याकडे चाकांची जुनी बॅग आहे, ती ओढत ओढत ती नुसत्या पुलांच्या शहरातून घरी चाललीय. आत काय आहे तिला ठाऊक नाही. पुलावर पूल राखणारा भेटतो, एक मांजर भेटतं. वाटेत चाक निखळतं, पट्टा तुटतो, की ती बॅगवाल्याकडे जाते. घरी पोचली की बॅग उघडते. संपला गेम. बंदूक नाही, मारामारी नाही.

म्हटलं, "मग लोक करणार काय?"

टिचकी म्हणाली, "ओढतील."

तो बॅगवाला म्हणजे मीच. म्हणजे आवाज माझा. रेकॉर्डिंग कुठे केलं असेल? कपाटात! आत रजया टांगल्या, मला कोंबलं, तोंडापुढे माईक. तिने लिहून दिलं होतं, 'कृपया आपली बॅग इकडे द्या.' माझ्या जन्मात मी कुणाला कृपया म्हटलेलं नाही. ती बाहेरून म्हणते, "मामा, तू लिफ्टमधल्या बाईसारखा बोलतोयस." मी म्हटलं, "मग लिफ्टमधल्या बाईलाच बोलव!" तिने काय केलं, लांब्याची बॅग आणून माझ्या मांडीवर टाकली. चेनीला पक्कड लावून ओढली होती मेल्याने. झालं! "पक्कड? चेन आहे ती, दाढ नाही उपटायची! हात आहेत का खुरं? बैलसुद्धा आधी वास घेतो रे!" ती सगळी बोलणी गेममध्ये गेली. आणि मजा बघ, ज्यांना खेळून बघायला दिला ते मुद्दाम बॅग आपटायला लागले. का? तर मामा शिव्या देतो म्हणून.

मग आली कंपनी. ते बिनखाचेचं नवं मशीन काढणारी. मी तिथेच होतो, त्यांचा साहेब जिना चढून वर आला. पांढरे बूट, मान सारखी हलती, तोंडात एकच शब्द, "सुंदर, सुंदर." म्हणाला, मशीन ज्या दिवशी बाजारात येईल त्याच दिवशी तुमचा गेम येणार, पहिल्या रांगेत. टिचकी नाचली. लांब्याने उडी मारली आणि छताला टाळकं आपटून घेतलं. खालून इस्त्रीवाला ओरडला, "आता माझं आभाळ पडतंय!"

मग साहेब म्हणाला, "सुंदर. पण."

हा पण बघ, नेहमी चहा संपल्यावर येतो.

म्हणाला, गेम एकदा विकला की पैसा एकदाच येतो. आजकाल तसं परवडत नाही. पुढेही काहीतरी विकत राहायला हवं. "शेवटी ती बॅग उघडते ना? तिथे थांबवू. ज्याला आत बघायचंय तो थोडे जास्तीचे पैसे टाकेल."

मी विचारलं, "बॅग कुणाची?"

"त्या मुलीची."

"ओढली कुणी?"

"खेळणाऱ्याने."

"चेन कुणी नीट केली?"

"तुम्हीच की, मामा."

"मग उघडायचे पैसे तुम्हाला का?"

"मला नाही हो. वरच्यांना," असं म्हणून त्याने बोट वर केलं.

मी वर बघितलं. म्हटलं, "वर तर कबुतरं आहेत."

तो हसला. टिचकी हसली नाही. तिचा चेहरा इस्त्री चुकलेल्या कापडासारखा झाला होता. साहेब गेल्यावर मी म्हटलं, नाही म्हणून टाक. तर म्हणाली, "मामा, नाही म्हटलं तर गेम निघणारच नाही. लांब्याने दुसरीकडची नोकरी सोडलीय. एक वाक्य तर आहे. तू बोलून टाक." आता भाचीने सांगितल्यावर मामा काय करणार? बरं म्हटलं.

कंपनीच्या स्टुडिओत नेलं मला. भिंतींना गादी लावलेली, काचेपलीकडे ही सगळी मंडळी. कागदावर वाक्य होतं: 'चेन अडकलीय, पोरी. थोडे पैसे टाक, लगेच उघडून देतो.'

पहिल्यांदा बोललो तर भीक मागितल्यासारखं झालं. परत बोललो तर दरोडेखोर. साहेब माईकवरून म्हणतो, "सुंदर मामा, पण जरा प्रेमाने." प्रेमाने बोललो तर आजारी माणसासारखं! अरे, आयुष्यभर चेन अडकली की मी लोकांना सांगितलंय, मेणबत्ती घासा आणि घरी जा. जीभ वळेचना. मला वाटायला लागलं, माझ्यापायी पोरीचा गेम बुडतोय. परत घसा खाकरला, परत सुरू केलं, "चेन अडकलीय, पोरी..."

तेवढ्यात दार उघडलं. टिचकी आत आली आणि माझ्या कानावरचं ते ऐकायचं यंत्र काढून घेतलं.

"बंद करा साहेब," म्हणाली. "हे वाक्य मी लिहिलंय आणि मलाच ऐकवत नाहीये. चेन अडकलेलीच नाही. खोटं बोलायला लावतोय आपण मामाला."

साहेब म्हणाला, "मग पहिली रांग विसरा."

"विसरले."

"मशीनवर येईल की नाही तेही सांगता येत नाही."

"नको येऊ दे." मान ताठ तिची. "एकच माणूस खेळला तरी चालेल. पण जो घरापर्यंत ओढत नेईल, त्याची बॅग उघडणार. पैसे मागायचे तर आधी मागा. दारात नाही."

लांब्या तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नोकरी सोडलेला माणूस. नुसता उभा राहिला. पण एवढा उंच माणूस उभा राहिला की कळतं.

साहेब खुर्चीत बसला. तसा वाईट माणूस नव्हता रे. म्हणाला, "मी तरी वर काय दाखवू? काहीतरी विकायला द्या. काहीही. रिकाम्या हाताने गेलो तर माझंच दुकान उठेल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काहीतरी विकायचं म्हणून बॅगेचं तोंड बांधणार तुम्ही? माझ्या भाचीचा शेवट विकलात ना, तर ही मिशी उतरवून ठेवीन मी इथे!"

साहेबाने हळूच मान वर केली.

"मिशी?"

"हो, मिशी!"

"उतरते?"

"अहो, तसं म्हणायची पद्धत असते!"

आणि तेव्हा लांब्या बोलला. दिवसभरात पहिल्यांदा. "लावताही येईल. सगळ्यांना."

"मुलीला?" साहेब.

"मुलीला. पूल राखणाऱ्याला. मांजराला."

"बॅगेला?"

"बॅगेलाही."

टिचकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तशीच ती खदखदून हसायला लागली. नाक पुसत म्हणाली, "मिशीने कुणाचं काही अडत नाही. हौस असेल त्याने घ्यावी. घ्या साहेब, मामाची मिशी विका." मला कुणी विचारलं? नाही! माझ्या तोंडावरची वस्तू, आणि माझ्यादेखत सौदा!

साहेबाने तिथूनच वर फोन लावला. "हो सर, मिशी. नाही सर, खरी नाही. हो, पीळवाली पण आहे." बराच वेळ नुसतं हूं हूं. मग फोन ठेवला आणि मान हलायला लागली. "सुंदर," म्हणाला. "शेवट राहील. आमच्याकडून कुलूप नाही, हे लिहून देतो." टिचकीने ते दोनदा वाचलं आणि मगच सही केली.

मग काय, पोरीने मला समोर बसवून मिशीची चित्रं काढली. ताठ मिशी, भिजलेली मिशी, झोपेतून उठलेली मिशी. गेम निघाला, पहिल्या रांगेत लागला, आणि लोकांनी शेवटापर्यंत ओढला. मिशी तर अशी खपली की विचारू नकोस. बहीण म्हणते, "आपल्या बापाच्या वळणाची मिशी बाजारात नेलीस रे!" इस्त्रीवाला म्हणतो, "मामा, माझ्या मुलीने तुमची मिशी मांजराला लावलीय. तुमच्यापेक्षा त्यालाच शोभते." एक दाढीवाला इथे येऊन मला सुनावून गेला की तुम्ही कलेचा बाजार मांडला. मी म्हटलं, "कलेचा नाही, केसांचा. न्हावी रोज मांडतो." कंपनीने आता मशीनची कव्हरं काढलीत, वर माझी मिशी छापलेली. एवढी भिकार चेन लावलीय की सगळी दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. स्वतःच्याच मिशीखाली बसून दोरा ओवतोय मी.

एक राहिलंच. त्या बॅगेत काय आहे, ते जगाला माहीत आहे. मला नाही! टिचकीला विचारलं तर म्हणते, "ओढ आणि बघ." बरोबर आहे तिचं. कुणी सांगायला लागलं की मी कानात बोटं घालतो. पण गेममधल्या एका झुलत्या पुलापाशी माझे अंगठे दगा देतात. बॅग पडते, चाक निखळतं, आणि मग माझ्याच आवाजात मला ऐकावं लागतं, "हात आहेत का खुरं?"

तुझे अंगठे तरणे दिसतात. त्या फडक्याखाली मशीन आहे, घे हातात. तेवढा पूल पार करून दे मला. पण घराचं दार दिसलं की थांब हां. चेनीला हात लावू नकोस. बॅग मला उघडू दे.